सुलूताई आधी वर बघायची

सुलूताई कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघायची. कुणी या म्हणायचं, पाण्याचा पेला पुढे करायचं, आणि ही चपला काढता काढता छताच्या कडेनं नजर फिरवत असायची. फेरी पूर्ण झाली की मग, "हं, कसे आहात सगळे?" ओळखीच्यांनी याचा राग मानणं केव्हाच सोडून दिलं होतं.

माझी ही थोरली बहीण गेल्या वर्षी गेली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिचा घाऊक व्यापार होता: भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे लावायच्या प्लास्टरच्या नक्षीदार पट्ट्या, पंख्याभोवतीची गोल फुलं, दारावरच्या कमानी. मेहुण्यांनी सुरू केलेला, त्यांच्यामागे तिनं वाढवलेला. मी कॉलेजात मराठी शिकवायचो. सुट्टीत पुस्तक घेऊन तिच्या गाळ्यात जाऊन बसायचो. प्लास्टरच्या भुकटीनं माझी पानं पांढरी व्हायची आणि ताई समोर गिऱ्हाइकांशी भांडत असायची. भांडणाचं कारण मात्र वेगळंच असे. एखादा कंत्राटदार द्राक्षांच्या घोसांची रुंद पट्टी मागायचा आणि ही द्यायला तयार नसायची. "हॉल केवढा आहे ते सांग आधी. अरे, एवढ्या जड नक्षीखाली त्या घरातली माणसं वाकून चालतील. साधी घेऊन जा." तो हट्टाला पेटला तर ती त्याला चहा पाजायची आणि साधीच पट्टी टेम्पोत चढवायची.

माझ्या मुलीनं, मुग्धानं, निनादशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा बोलणी करायला आम्ही मुलुंडला त्याच्या घरी गेलो. निनादला आई नव्हती. वडील, देसाई, निवृत्त इंजिनिअर, मोजकं बोलणारे. मुलानं आपल्याला न विचारता ठरवलं, हे त्यांच्या मनात होतं, आणि त्यांचा होकार अजून आला नव्हता. रिक्षात मुग्धानं बजावलं, "आत्या, प्लीज, आज वर बघू नकोस." ताईनं कबूल केलं.

ती सोफ्यावर जमिनीकडे बघत बसली, तिलाच दाखवायला आणल्यासारखी. पोहे आले. पहिला घास तोंडात गेला आणि मान आपोआप वर गेली.

"अगंबाई, ही पट्टी उलटी लागलीय."

नक्षीतल्या पानांची टोकं खाली हवीत, ती वर गेली होती. नवख्या कारागिराकडून हे नेहमी होतं, असं सांगून तिनं वर सल्लाही दिला. "कोणी लावली? त्याला परत दारात उभं करू नका."

"मी लावली," देसाई म्हणाले.

पत्नी गेल्यावर रिकामं घर सोसवेना, म्हणून व्हिडिओ बघून त्यांनी अख्खा हॉल स्वतःच्या हातानं केला होता. निनादनं हे हळू आवाजात सांगितलं. देसाईंनी बशी खाली ठेवली. मुग्धाचे डोळे भरले. विषय बदलावा म्हणून मी पोह्यांची स्तुती करू लागलो.

ताईनं माफी मागितली नाही. ती उठली, एका कोपऱ्यात जाऊन मान मागे टाकून उभी राहिली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. बराच वेळ. शेवटी तिनं शिडी मागितली. देसाईंनी बाल्कनीतून घडीची शिडी आणली. ताई पदर खोचून चढली, त्यामुळे त्यांना शिडी धरावीच लागली. तिनं कोपऱ्यावरून नख फिरवलं.

"सांधा कुठाय?"

"तिथेच आहे."

"नखाला लागत नाही हो. माझ्याकडे इतकी माणसं काम करून गेली, एकालाही असा कोपरा कापता आला नाही. पट्टी उलटी आहे ती आहेच. पण कोपरा झकास."

देसाई वर बघत होते. "बऱ्याच पट्ट्या वाया घालवल्या त्या कोपऱ्यावर," ते म्हणाले.

"माझ्याकडे टेम्पोभर वाया जातात," ताई म्हणाली, आणि देसाई हसले. त्यांना असं हसताना निनादनंही बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं. पट्टी काढून नीट लावता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"हात लावायचा नाही. साखरपुडा हिच्याखालीच करू. तारीख कुठली धरायची?"

"तुम्ही आधी खाली तर या."

"तारीख सांगा, मग उतरते."

शिडी सोडता येत नव्हती आणि कॅलेंडर पलीकडच्या भिंतीवर. देसाईंनी जागेवरूनच हाक मारली, "निनाद, कॅलेंडर आण रे. आणि ताईंचा चहा वर दे."

तो चहा तिनं शिडीच्या पायरीवर बसून, सावकाश संपवला.