बॅटरीवरचा आवाज

शस्त्रक्रियेत दादाचं स्वरयंत्र काढून टाकलं. त्यानंतर तो माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करून बोलू लागला. तो लिहायचा, लॅपटॉप वाचून दाखवायचा. आवाज पुरुषाचा होता, पण सपाट.

दादा रिहे गावात भातशेती करतो. आजारापूर्वी पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवरही जायचा. मी त्याची धाकटी बहीण, जांबे गावात भाड्याने राहते. कॉम्प्युटरमधली आवाजाची चिप ज्या प्रोग्रॅममुळे चालते त्याला ड्रायव्हर म्हणतात. असे ड्रायव्हर लिहिणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम.

पहिल्या दिवशी घरात हसू होतं.

"एष्टी स्टँडवरचा माणूस घरात आनून बसवलाय," वहिनी म्हणाली.

दादाने टाइप केलं आणि लॅपटॉप बोलला, "चहाची गाडी कुठं अडकलीय?"

आठवड्याभरात वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचं मशीन पयला शब्द गिळतंय. नुसतं 'दे' म्हनतं. काय दे? पानी दे, का भाकर दे?"

मी लॅपटॉप जांब्याला आणला. गाणी लावली, बातम्या लावल्या, दादाची वाक्यं वाजवली. एकही शब्द गळला नाही. परत नेऊन दिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार.

"तुमच्याकडं शहान्यासारखं वागतंय, हितं आलं की खोड्या काढतंय," वहिनी म्हणाली.

मग मी रिह्यातच जाऊन बसले. दुपारी वीज गेली आणि पहिला शब्द गेला. माझ्या घरी चार्जर कायम लावलेला असायचा. इथे वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी थोड्याशा शांततेनंतर आवाजाची चिप झोपवली जाते. गाणं सलग चालतं, त्यामुळे तिला झोपायला फुरसत मिळत नाही. दादा एक वाक्य बोलून बराच वेळ गप्प असायचा. त्याच्या प्रत्येक वाक्याआधी चिप झोपलेली असायची.

पुढचं कारण ड्रायव्हरमध्ये सापडलं. चिपला जागं होण्याचा हुकूम दिला की ती जागी झाली, असं तो धरून चालायचा. प्रत्यक्षात स्पीकरला जोर देणारा भाग सुरू व्हायला अर्धा-पाऊण सेकंद लागत होता. तेवढ्यात पाठवलेला आवाज कुठेच पोचत नव्हता.

उपाय दोन होते. चिप पूर्ण जागी होईपर्यंत ड्रायव्हरला थांबवायचं, किंवा चिपला झोपूच द्यायचं नाही. दुसऱ्या उपायात बॅटरी लवकर संपते. मी दोन्ही दादाला समजावून सांगितले. पाऊण सेकंद ही काही मोठी गोष्ट नाही, असंही म्हटलं.

त्याने टाइप केलं, "थांबायला लावू नको. लोक थांबत न्हाईत."

त्याला घाई होती ती भाचीच्या लग्नाच्या बैठकीची. दादाची ही एकुलती एक मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. स्थळ पिरंगुटचं, मुलगा तिला पसंत होता. दादाची एकच अट होती, लग्न परीक्षेनंतर. आमच्याकडे सुपारी फुटायच्या आधी मुलीचा बाप चार माणसांत जे बोलेल ते धरलं जातं. नंतर बोलणं म्हणजे शब्द फिरवणं. आमचा चुलतभाऊ म्हणाला होता, "मी सांगतो की तुझ्या वतीनं." दादाने मान हलवली होती, नाही. वाक्य आधीच लिहून ठेव, फक्त बटण दाब, असं मी सुचवलं. तेही त्याला नको होतं. पाहुण्यांच्या तोंडावर टेप लावल्यासारखं दिसेल, ते काय विचारतात ते ऐकून उत्तर देईन, असं त्याने लिहिलं.

मी चिपची झोप बंद केली. चार्जर काढून, शांततेनंतर, झाकण लावून उघडल्यावर, सगळ्या प्रकारे तपासलं. प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दापासून येत होतं.

बैठकीच्या दिवशीही वीज नव्हती. पुरुष पडवीत बसले, बायका आतल्या दाराशी. ताट मांडलं, अडकित्ता ठेवला. मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलीच्या वडिलांचं काय म्हणणं?"

दादा टाइप करू लागला. कामाचे हात, एका बोटाने एकेक अक्षर. पडवीत कोणी खोकलं. कोणी घड्याळ पाहिलं.

"त्याचं काय म्हननं आसनार?" चुलतभाऊ म्हणाला. "आमची पसंती हाय. फोडा सुपारी."

"दादा लिहितोय, थांबा जरा," मी दारातून म्हणाले.

"लिहू द्या की ताई, कोन न्हाई म्हनतंय?" चुलतभाऊ म्हणाला. " मुहूर्त टळतोय तिकडं."

सुपारी फुटली. साखर वाटायला सुरुवात झाली. तेव्हा लॅपटॉप बोलला. "पोरगी शिकतीय. तिची परीक्षा झाल्याबिगर तारीख धरू नका." पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं नीट ऐकू आलं.

सगळे लॅपटॉपकडे वळले.

"आवाज लई स्पष्ट येतो हो," मुलाचे काका म्हणाले. "कुनी करून दिलं?"

"आमच्या ताईनं," चुलतभाऊ म्हणाला. "मोठ्या कंपनीत हाय ती."

पाहुण्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. दादाने तेच वाक्य पुन्हा लावलं. या वेळी मध्येच साखरेचं ताट त्याच्यासमोर आलं. त्याने चिमूटभर साखर घेतली.

तारीख परीक्षेच्या आधीची निघाली. भाची परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी बसेल, असं सासरचे म्हणाले होते. ते वर्षही गेलं.