साडेतेवीस तासांचा रायमो

रायमो कोर्तेस्लुओमाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभा होता. फेब्रुवारी महिना, उणे सव्वीस, आणि अंगावर पोशाख म्हणाल तर चड्डी आणि कान झाकणारी फरची टोपी. त्याच्या तोंडातल्या वाफेने निम्मं ओउलू शहर झाकलं होतं. मिशीला लोंबणाऱ्या बर्फाच्या काड्यांवर चार चिमण्या आरामात बसल्या असत्या. छातीशी त्याने काहीतरी घट्ट धरलं होतं आणि तो खाली ऐकू येईल असं म्हणत होता, "श्वास घे रे राजा, श्वास घे."

मूल! मी चार मजले, मला आठवतं त्याप्रमाणे, दोन उड्यांत चढलो. दार त्याच्या बायकोने, तूलिक्कीने उघडलं.

"मूल कसलं? कॉम्प्युटर आहे तो," ती म्हणाली. "मुलाला त्याने एवढं जपलं नसतं. बूट काढा, कॉफी टाकलीय."

मी बूट काढले आणि फसलो.

रायमोने पंचवीस वर्षं एका मोबाइलच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं होतं. फोन आपटायचे, भाजायचे, गोठवायचे आणि नेमके कधी मरतात ते लिहून ठेवायचं. कारखाना बंद पडला तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. या वयाच्या तपासनिसाला कोणी तपासायलाही बोलवत नाही. दीड वर्ष घरी बसून त्याने तेच प्रयोग स्वतःच्या कॉम्प्युटरवर केले. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो त्याच्या बराच पुढे त्याला पळवायचा, मेमरीलाही त्याच्या मागोमाग फरफटत न्यायचं, आणि तरी कॉम्प्युटर कोसळू द्यायचा नाही. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तूलिक्की त्याला 'छळ' म्हणायची.

मेच्या सुरुवातीला एक आशा दिसली. गावात इल्पो नावाच्या माणसाचं असे पळवलेले कॉम्प्युटर बनवून विकायचं दुकान होतं, आणि त्याला एक माणूस हवा होता. रायमोने आपले आकडे दाखवले. इल्पोने जांभई दिली.

"वेगात काय, कुत्रा मागे लागला की माझी सासूही पळते," तो म्हणाला. "दिवसभर पळते का ते दाखव. मेमरीची चाचणी, चोवीस तास, एकही चूक नाही. सुरुवातीला आणि शेवटी बाहेरचा साक्षीदार हवा. जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणाच्या आत कागद आण, खिडकीजवळची खुर्ची तुझी."

नाहीतर वासा नावाचं शहर. तीनशे किलोमीटर दूर. तिथे तूलिक्कीच्या भावाने गोदामात खोकी मोजायची नोकरी बघून ठेवली होती. "खोकी, अरे!" रायमो मला म्हणाला. "खोकं कोसळत नाही. खोक्याला काय तपासायचं?"

साक्षीदार मीच होतो. मला नोकरीमुळे शुक्रवारी संध्याकाळीच वेळ. म्हणून शुक्रवारी सातला चाचणी सुरू, शनिवारी सातला संपणार. शनिवारी मी जरा लवकर यायचो, कारण साक्षीची फी म्हणून मला सौना मिळायचा, म्हणजे घरातल्याच तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घाम गाळायचं स्नान. साडेपाचला रायमो न्हाणीघरातला भट्टीचा खटका फिरवायचा, सव्वासहाला आम्ही आत, नव्वद अंशांत, बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकांच्या पाठी झोडपत बसायचो.

आणि साडेसहाच्या सुमारास बाहेर पडद्यावर लाल ओळ यायची. चूक: एक.

पहिल्या शनिवारी आम्ही हसलो. दुसऱ्या शनिवारी त्याने व्होल्टेज किंचित वाढवलं. तिसऱ्या शनिवारी मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, उरलेली शिल्लक त्यात गेली. चौथ्या शनिवारी फ्रिज बंद ठेवला; तूलिक्कीला केस वाळवायचं यंत्र वापरायची बंदी झाली. सोमवारी एकटा असताना तोच कॉम्प्युटर तीस तास सुरळीत चालायचा. प्रोसेसरचं तापमान तो मिनिटामिनिटाला बघत होता, ते सुतासारखं सरळ. मेमरीच्या पट्ट्यांना मात्र थर्मामीटर नव्हता.

"तूच पनवती आहेस," पाचव्या शनिवारी तो सौन्यात घाम निथळत मला म्हणाला. "तू आलास की तो पडतो."

"मग मी जिन्यात बसू?"

"बस."

सहाव्या शनिवारी सौना झाल्यावर मी जिन्यात बसलो. सहा छत्तीसला आतून एक आवाज आला. माणूस रडायचं नाही असं ठरवून बसला की येतो तसा. तूलिक्कीने दार उघडून माझ्या हातात सॉसेज दिलं आणि म्हणाली, "जेवत नाही तो. भिंतीशी बोलतो. सण झाला की मी सामान बांधायला घेतेय."

सातवा शनिवार शेवटचा. दुपारी चारला, एकवीस तास बिनचूक झाले असताना, आम्ही तिघं कॉफीला बसलो. तूलिक्कीने नवऱ्यापासून लपवून ठेवलेलं चॉकलेट कॉम्प्युटरच्या मागच्या फळीवरून काढलं. वड्या नव्हत्याच. वितळून परत थिजलेला एक चपटा गोळा होता.

"मागच्या शुक्रवारी ठेवलं होतं," ती म्हणाली. "हे कोणी वितळवलं?"

"कॉम्प्युटरने नाही. त्याची गरम हवा खिडकीकडे जाते," रायमो म्हणाला. फळी भिंतीला टेकलेली होती. भिंतीपलीकडे काय होतं?

आम्ही तिघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

सात आठवडे दोन पुरुष नव्वद अंशांत बसून, एका विटेपलीकडे मेमरी भाजत, हा कॉम्प्युटर का पडतो याची चर्चा करत होते. इथे सौन्यावर कोणी संशय घेत नाही. रविवार आला म्हणून कोणी रविवारावर संशय घेतं का?

चालू चाचणीत कॉम्प्युटर हलवायची सोय नव्हती. "आज सौना नाही," तूलिक्की म्हणाली. "लग्नाला तीस वर्षं झाली, सौन्याशिवायचा पहिलाच शनिवार. पण नाही." रायमोने उठून तिचा हात धरला. मी खिडकीबाहेर बघितलं.

पाच वाजले. बावीस तास. साडेपाच. रायमोचे हात घामाने ओले झाले, ते धुवायला तो न्हाणीघरात जाऊन आला. सहा वाजले. घरात तापलेल्या लाकडाचा वास येत होता. तो कोणाच्याच ध्यानात आला नाही, कारण शनिवारी या घराला तोच वास असतो.

सहा चौतीसला लाल ओळ आली.

तूलिक्की न्हाणीघरात गेली आणि दारात येऊन उभी राहिली. "रायमो, खटका कोणी फिरवला?"

रायमो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्याच कोणाचा हात असावा तसा.

"तापलाच आहे, तर चला," ती म्हणाली.

आम्ही आत गेलो.

रायमो आता वासाला खोकी मोजतो. तिथल्या फ्लॅटमध्ये सौना नाही.