मामाच्या तालासाठी बीड, तलवाडा, धर्मापुरी

तेलगावच्या फाट्यावर बीडची एसटी आली तेव्हा उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि ट्रॅक्टरवरचं गाणं हॉर्नपेक्षा मोठं होतं. सरकी पेंडीचं माझं दुकान सणालासुद्धा उघडं असतं. त्यामुळे मला कुलूप लावताना बघून शेजारच्या हॉटेलवाल्यानं विचारलंच, "कोन गेलं का काय, शेठ?"

"कोणी गेलं नाही. मशीन आणायला चाललोय."

"पेंड दळायचं?"

"गाणं भरायचं."

तो हसला. मला हसू येण्यासारखं काही नव्हतं.

धर्मापुरीचे माझे काशिनाथमामा शेळ्या राखतात आणि भजन म्हणतात. महाशिवरात्रीला देवळात पहिलं भजन त्यांचं आणि टाळही त्यांच्याच हातात, हे मी जन्मापासून बघतोय. दिवाळीनंतर त्यांना मी हौसेनं बीडच्या एका स्टुडिओत नेलं. (नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी कुणाचीच करत नाही.) काचेच्या खोलीत मामांच्या कानाला हेडफोन लावले. दुसऱ्याच ओळीला ते अडखळले. पुन्हा सुरू केलं, तर चाल हळू हळू होत थांबलीच. स्टुडिओवाला बाहेर आला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "आजोबा, तुमचा ताल गेलाय. वय झालं आता." भजनी मंडळातला एक जण आमच्या सोबत होता. आम्ही परळीला पोचायच्या आत ही बातमी धर्मापुरीला पोचली होती. त्या दिवसापासून मामांनी गाणं बंद केलं.

मी ठरवलं, मशीन आपलं आणायचं, मामांना त्यांच्याच दारात बसवायचं आणि भजन भरून महाशिवरात्रीच्या आत मंडळाच्या कानावर घालायचं.

वडवणी मागे पडली तशी कापसाची वेचलेली, काळी पडलेली रानं लागली. बीडला उतरून बिंदुसरा नदीच्या पुलापलीकडच्या माइक-स्पीकरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, तोंडात सुपारी.

"ऑडिओ इंटरफेस पायजे? किती माइक लावनार?"

"एक. गाणारा एक, टाळ त्याच्याच हातात."

तरी त्यानं आठ माइकची पेटी पुढं केली. मी म्हटलं, "मला लग्नाचा बँड बसवायचा नाही." मग त्यानं नमतं घेऊन हाताएवढी एक पेटी काढली. माइक आणि फोन यांच्यामध्ये ही बसते आणि आवाज फोनला कळेल अशा रूपात आत पाठवते, एवढंच तिचं काम. मामा दारात शेळ्यांजवळ बसून गाणार हे कळल्यावर माइकचंही त्यानं खरं सांगितलं. "भारी माइक बंद खोलीत ठीक हाय. तुमच्या मामाच्या दारात त्याच्यात शेळ्याच जास्त येतील. हा हातातला साधा घ्या."

मग त्यानं मला हेडफोन लावून दिला आणि टाळी वाजवत काहीतरी म्हणायला सांगितलं. मी 'ओम नमः शिवाय' सुरू केलं. माझीच टाळी मला मागाहून ऐकू यायला लागली. मी तिच्यासाठी थांबलो तर ती आणखी मागे गेली. तिसऱ्या वेळेला माझी जीभ वळेना.

"थांबा, बटन राह्यलं," दुकानदार म्हणाला आणि पेटीवरचं एक बारीक बटण त्यानं दाबलं. आवाज जागेवर आला.

"हे काय होतं?"

"आवाज फोनमधून फिरून कानात येतो ना, त्याला उशीर लागतो. हे बटन दाबलं की माइकमधून सरळ कानात. न्हाई दाबलं तर चांगला चांगला गानारा अडखळतो."

"आणि हे बघायचं कुणी? गाणाऱ्यानं?"

"त्यानं कावून (का)? रेकॉर्डिंग करनाऱ्यानं."

म्हणजे मामांच्या वेळी त्या स्टुडिओवाल्यानं हे बघितलंच नव्हतं. तसाच उठून त्या स्टुडिओत जावं आणि त्याची काच फोडावी असं वाटलं. दुकानदारानं पाणी दिलं. तुमच्यापैकी कुणी अशी पेटी घेणार असेल तर बाकी काही कळो न कळो, हे बटण आहे का ते आधी बघा. स्वस्तातल्या काही पेट्यांना ते नसतं.

नव्या पेटीचा भाव ऐकून मी नेहमीच्या कामाला लागलो. त्यानं थोडं सोडलं, मी आणखी ओढलं. शेवटी तो वैतागला. "शेठ, डोकं खाऊ नका. माइक आन् हेडफोन माझ्याकडून घ्या. पेटी जुनी चालत असंल तर तलवाड्याच्या एका मास्तरला इकायचीय. माझ्याकडूनच नेलती त्यानं."

गेवराईपर्यंत एसटी आणि पुढे काळीपिवळी (प्रवासी जीप). एका बाजूला माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोतं होतं, दुसऱ्या बाजूनं एक आजीबाई माझ्या खांद्यावर झोपल्या होत्या. तलवाडा जवळ आलं तशी देवीच्या देवळाची टेकडी दिसायला लागली आणि खाली हिरवा ऊस. बाहेरून हा मुलूख श्रीमंत दिसतो. जीपवाल्यानं मात्र सुट्टे नाहीत म्हणून माझे दहा रुपये ठेवून घेतले, आणि मी ते भांडून परत घेतले.

मास्तर धनगराच्या घरातले. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा धडे भरायला त्यांनी ही पेटी घेतली होती. आता ती टीव्हीखाली धूळ खात होती. बटण होतं. दाबून पाहिलं, टाळी वाजवून पाहिली, आवाज जागेवर. आवाज वाढवायची कळ फिरवली की मात्र खरखर येत होती. सोबतची वायर ढिली होती. हे मी तोंडावर दिसू दिलं, आणि थोडं जास्तच दिसू दिलं.

"तुमी मशीन घेताय का म्हैस?" मास्तर म्हणाले. "दात बघायचे राह्यले."

"म्हैस असती तर एवढं बघितलं नसतं."

सौदा अडला तेव्हा मी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि तोंडानं काही बोलायचं नाही. मास्तरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी हात आत घातला, माझं बोट दाबलं, सोडलं, पुन्हा धरलं. त्यांची बायको दारातून हसायला लागली. "अवो, त्यात काय बैल हाय का?" सौदा जमला. वरून वायर नवी घेतली. मास्तर म्हणाले, "लई कडू मानूस हाय तुमी." मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्या दिवशी सिरसाळामार्गे परळी गाठली. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या लांबूनच दिसतात. परळीहून धर्मापुरी. तिथलं जुनं देऊळ बघायला लांबून लोक येतात आणि भिंतींवरच्या मूर्तींचे फोटो काढतात. मी त्या बाजूला न वळता सरळ मामांच्या दारात गेलो.

मामींनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) वाढली. जेवण होईपर्यंत मी दम धरला. मग पेटी काढली.

"मामा, टाळ आणा."

"टाळ मंडळाला देऊन टाकले."

"कधी?"

"गेल्या सोमवारी. मागायला आलते. बीडचा गानारा आनत्यात म्हने शिवरात्रीला. त्याला लागतील."

बीडचा म्हणजे त्याच स्टुडिओचा, हे मामींनी सांगितलं. मी उठलोच होतो. मामांनी माझा हात धरला. "बस. दिलेलं परत मागत न्हाईत."

मी बटणाचं सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. "म्हंजे एक बटन," एवढंच म्हणाले. हेडफोन घालायला त्यांनी कितीतरी वेळ लावला. कानाजवळ नेला की हात थांबायचा. शेवटी मामीच म्हणाल्या, "घाला की. हितं कोन बगतंय?"

मामांनी पितळी तांब्या जवळ ओढला आणि बोटातल्या अंगठीनं त्याच्यावर ठेका धरला. मी दोनदा बघून बटण दाबलं.

पहिली ओळ ते भीत भीत म्हणाले. दुसऱ्या ओळीला मान वर आली. तिसऱ्या कडव्याला मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. एक शेळी मध्येच ओरडली, तिच्यामुळेसुद्धा ठेका हलला नाही. भजन संपल्यावर मी ते त्यांना ऐकवलं. ऐकताना त्यांचं बोट गुडघ्यावर पडत होतं, बरोबर जागेवर.

"पुन्यांदा लाव," म्हणाले.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी म्हटलं, "चला, मंडळाला ऐकवू."

"नको."

"कावून नको?"

"च्या पी आन् जा. तुझं दुकान बंद हाय."

मी खूप बोललो. त्यांच्यावर ओरडलोसुद्धा. ते उठून शेळ्यांना पाला टाकायला गेले.

परळीहून परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. मी ते भजन त्या स्टुडिओवाल्याला पाठवलं. कुणाचं आहे ते लिहिलं नाही. सिरसाळा यायच्या आत उत्तर आलं. 'आवाज भारी. ताल एकदम पक्का. गायक कोण? आमच्याकडे घेऊन या.'

मी सीटवरून उडालोच. मागचा माणूस म्हणाला, "काय झालं, लॉटरी लागली का?" मी तिथूनच मामांना फोन लावला आणि ते उत्तर वाचून दाखवलं. दोनदा वाचलं.

पलीकडे शेळ्यांचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "आता त्यो म्हनला म्हनून पक्का, व्हय?"

"तसं नाही मामा. आता मंडळाला दाखवता येईल. टाळ परत येतील."

"जलमभर माझ्यासमोर बसून ऐकलं त्यांनी. आन् बीडच्या मानसाचं एक बोलनं खरं धरलं. त्यांच्यापुढं आता मी हे फोनवर वाजवू? त्यांचं सोड. तू किती वर्सं ऐकतोस? तुला मशीन कावून लागलं रे, सदा? तुला कान न्हाईत का?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

स्टुडिओवाल्याला मी उत्तर दिलेलं नाही. त्याला चार शिव्या लिहिल्या होत्या, त्याही पुसल्या. त्याचा राग अजून आहे आणि राहणार आहे. पण काचेबाहेर मी उभा होतो, मंडळाचा माणूस उभा होता आणि आम्हा दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघालं नाही की या माणसाचा ताल जाऊ शकत नाही, तुझं काहीतरी बघ. महाशिवरात्रीला धर्मापुरीत बीडचा गाणारा मामांच्या टाळांवर गाईल. मामा त्या वेळी शेळ्यांजवळ असतील. मी त्यांच्याजवळ जाऊन बसेन म्हणतो, त्यांनी बसू दिलं तर.

तेलगावला उतरलो तेव्हा उसाच्या ट्रॉल्या होत्याच. हॉटेलवाला ओट्यावरून ओरडला, "जमला का सौदा, शेठ?"

"जमला," मी म्हणालो आणि दुकानाचं कुलूप काढलं.