सोळा पूर्ण व्हायला सात महिने

सत्तर सालच्या श्रावणात बाप गेला. तेराव्यानंतर पोलीसपाटील आले आणि त्याची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करायला घेऊन गेले. परवाना बापाच्या नावाचा होता; माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही म्हणे.

इकडे भुईमूग भरत आला होता. रोज सकाळी वावरात जावं तर दोन-चार ओळी रानडुकरांनी उकरून टाकलेल्या. मी डबे वाजवले, बांधावर बापाचा सदरा टांगला. कशानं काही होईना. माझं घरात बूड टेकेना. आम्ही मायलेकी दोघीच. शेवटी मी म्हटलं, "माय, बंदूक मी माह्या नावानं करून घेतो."

माय सोबत मेहकरला आली. तहसील कचेरीतला कारकून अर्ज वाचून हसला. "पोरीच्या नावानं बंदूक?"

आतले साहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक काढून पाहिलं. "कायद्यात पोरगा-पोरगी असं काही नाही. वय सोळा पूर्ण पाहिजे. दाखला आहे?"

शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावरच्या तारखेनं सात महिने कमी पडत होते.

"माय म्हणते, मले पोळ्याले सतरावं लागलं. गुरुजींनं तारीख मनानंच टाकली."

"असेल. मला कागदच पाहावा लागतो."

सात महिने! तोवर वावरात टरफलं उरली असती. मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. तेवढ्यात माय पुढं झाली.

"साहेब, माह्या नावानं होते का?"

"होईल. पण बंदूक चालवता येते?"

"हाव. भरून तं मीच देत होती त्याईले."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. संध्याकाळी ती भाकर घेऊन वावरात जायची, एवढंच मला माहीत होतं.

पुढं चौकशीत फौजदारांनी तीच बंदूक समोर ठेवली. मायनं पदर खोचला, दारू ओतली, चिंधी कोंबली, गजानं ठासली. "बस, बस," म्हणत फौजदारच मागं सरकले.

परवाना दिवाळीनंतर हाती आला. तोवर अर्धा भुईमूग गेला होता. पहिल्याच संध्याकाळी मायनं हवेत बार काढला आणि डुकरं नाल्याकडे पळाली.

"मले दे ना एकडाव," मी म्हणाले.

"तुह्या नावाचा कागद नाही."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उरलेला भुईमूग उपटायचा होता, मग बोलावंच लागलं.