फरशीखालची माती

काकांच्या घरी मला राहायला मिळालेली खोली त्यांच्या मुलाची होती, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. तो त्याच खोलीत वारला, हे मात्र कोणी सांगितले नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मनमाडला रेल्वेत नोकरी करून ते नाशिकला येऊन राहिले होते. माझे वडील बाजाराला येत तेव्हा त्यांच्या घरी देवाची फुले पोचवीत. आमचा मळा दिंडोरीच्या बाजूला. तिथून रोज कॉलेजला येणे होण्यासारखे नव्हते. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडिलांनी संकोचत जागेचे विचारले आणि काका लगेच हो म्हणाले. काकूंनी खोलीतली एक उशी तेवढी उचलून आत नेली.

घरातल्या बोळात एक भली मोठी काचेची पेटी गवतात गुंडाळून ठेवलेली होती. देवळाली कॅम्पातला कोणी साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावातून काकांनी ती मुलासाठी घेतली होती. मनमाडला एका बंगल्यात त्याने अशी पेटी, आत फिरणारे मासे, पाहिले होते आणि तेव्हापासून त्याने तोच ध्यास घेतला होता. लोखंडी चौकट, जाड काचा, खाली चार पायांची लोखंडी घोडी. लांबीला एवढी की पाय थोडे दुमडून मी तिच्यात निजू शकलो असतो. त्या घरात असले विचार मनात सहज येत.

पेटी कुठे ठेवायची ते मुलाने भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवले होते. माझ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली. ओटीवर ऊन येते, त्याने पाणी हिरवे होते. माडीची जमीन लाकडी, तिला एवढा भार पेलणार नाही. हा सगळा विचार त्याचाच. मग त्याला विषमज्वर झाला. तापात काकांनी त्याला शब्द दिला होता की तू बरा झालास की आपण पेटी भरू. आता वर्षश्राद्ध जवळ आले होते, आणि त्याच्या आत पेटी भरायची असे काकांनी ठरवले.

शेजारच्या गृहस्थांनी ओट्यावरूनच विचारले, "माळकऱ्याच्या घरात मासे येणार म्हणे. एकादशीला त्यांना काय घालणार, वरीचे तांदूळ?"

"तुमच्या ताटात काही उरलं तर तेही चालेल," काका म्हणाले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

जमीन जुन्या काळ्या दगडी फरशीची, कुठे उंच कुठे सखल. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग नेहमी सपाट असतो, हे मी नुकतेच वर्गात शिकलो होतो आणि ते कुठेतरी उपयोगी पडावे असे मला फार वाटत होते. मी घोडीवर पाण्याने भरलेली परात ठेवली आणि परातीत पाणी कोणत्या कडेला चढते ते पाहत पायांखाली सागवानी पाचरी सारल्या. पाणी सगळीकडून सारखे झाले. काकांनी माझी पाठ थोपटली. मग आम्ही पेटी वर चढवली आणि घागरी ओतू लागलो.

पेटी अर्धी भरली तेव्हा पाणी उजवीकडे चौकटीच्या मधल्या पट्टीला लागले होते आणि डावीकडे तिच्याखाली दोन बोटे राहिले होते. पाणी सरळच होते, पेटी वाकडी झाली होती. आम्ही ती रिकामी केली, पाचरी बदलल्या, पुन्हा भरली. पुन्हा उजवीकडचेच दोन पाय खाली गेले. काचेच्या सांध्यातून बारीक करकर ऐकू आली तेव्हा काकांनी घाईघाईने पाणी काढायला लावले.

मी अनवाणी चालून पाहिले. एका ओळीतल्या तीन फरश्या पायाखाली डबडब वाजत होत्या. माझे अंथरूण इतके महिने त्यांच्यावरच होते. निजल्यावर पाठीखाली काहीतरी हळूच दबल्यासारखे मला वाटे. मी गादीला दोष देत आलो होतो.

जेवताना मी म्हटले, "काका, त्या तीन फरश्यांखाली पोकळ आहे. घुशीनं पोखरलं असेल."

काकांचा हात ताटातच थांबला. काकू वाढता वाढता उठून आत गेल्या. आपण काय चुकीचे बोललो ते मला कळेना.

दोन दिवसांनी काकांनी मिस्त्रीला बोलावले. जुन्या नाशकातले वयस्क मुसलमान गवंडी, काकांच्या ओळखीचे. त्यांनी आपली पाणसळ फरशीवर ठेवली आणि तिचा बुडबुडा एका टोकाला पळाला. थापीच्या दांड्याने त्यांनी त्या फरश्या ठोकून पाहिल्या, सांध्यांवरून नख फिरवले.

"साहेब, या कुणी उचलल्या होत्या? इथला चुना नवा हाय."

तेव्हा काकांनी सांगितले. आशा सुटली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या की पोराची पाठ दगडाला नको, मातीला टेकू दे. आळीतल्या लोकांनी तीन फरश्या उचलल्या. खाली खडी लागली. ती टोचेल म्हणून काढून टाकली आणि परसातली मऊ माती आणून पसरली. ती सारवून त्यावर त्याला ठेवले. तो गेल्यावर त्याच दिवशी कोणीतरी फरश्या परत बसवल्या. त्या कशा बसवल्या तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले की मऊ माती कुटल्याशिवाय बसणार नाही. फरश्या काढून वर मुरूम घालून धुम्मस मारावी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहारीने फरश्या सुट्या करून भिंतीला लावल्या. खाली काळसर मातीचा लांबट चौकोन उघडा पडला, माणसाच्या मापाचा. जमीन कुटायची ती जड धुम्मस त्यांनी हातात घेतली, तेवढ्यात काकू दारात आल्या. मी राहायला आल्यापासून त्यांनी या खोलीचा उंबरा ओलांडलेला मी पाहिला नव्हता.

"कुटायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, माती आहे ती."

"मला ठाऊक आहे माती आहे ते. मी माझ्या हातानं पसरली होती." मग त्या पेटीकडे पाहून म्हणाल्या, "आणि एवढं ओझं ठेवणार? त्याच्या छातीवर?"

"त्यालाच हवी होती ना?" काका म्हणाले.

मिस्त्रींनी धुम्मस हळूच बाहेर नेऊन ठेवली. "बाई, तुमचं ठरलं की मला हाक मारा," एवढे म्हणून ते गेले.

जमीन तशीच उघडी राहिली. काका दिलेला शब्द सोडायला तयार नव्हते आणि काकू ती जागा कुटू देणार नव्हत्या. दोघेही बरोबर आहेत असे मला वाटे, आणि त्यामुळे मी दोघांनाही टाळत होतो. माझे अंथरूण ओटीवर गेले. पुस्तके मात्र खोलीतच होती. दुपारी घर सामसूम असताना एखादे पुस्तक आणायला आत गेलो की त्या मातीकडे पाठ करून उभे राहणे मला जमत नसे. कोणी श्वास घेते आहे असे वाटे. मी थांबून ऐके, आणि तो श्वास माझाच निघे.

शेवटी मी काकांशी बोललो. मळ्यात मोठे झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी लावतात तेव्हा भोवतीची माती वडील कधी ठोकत नाहीत. "मुळाशी हात आपटायचा नाय. पाणी पाज, माती आपली आपण बसती," असे ते म्हणतात. पाणी जिरले की माती खचते. तिथे नवी घालायची आणि पुन्हा पाणी. कॉलेजात जाऊन मी ही मळ्यातली गोष्ट सांगतो आहे याची मला लाज वाटत होती, आणि त्या मातीला पेटीचा भार पेलेल की नाही याचीही खात्री नव्हती. काका मिस्त्रींना विचारून आले. वेळ लागेल, पण बसेल, असे मिस्त्री म्हणाले होते.

काकूंनी एवढेच विचारले, "कुटायचं नाही ना?"

"नाही, काकू."

पाणी त्यांनीच घातले. तांब्याने, बारीक धार धरून, लहान मुलाला न्हाऊ घालावे तसे. माती पाणी पिऊ लागली. मधूनच एखादा बुडबुडा वर येई आणि फुटे. काकू धार थांबवून वाट पाहत, मग पुढे ओतत. मातीतली हवा बाहेर येते हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी मान फिरवली.

रोज सकाळी माती थोडी खाली बसलेली दिसे. काका परसातून टोपली भरून आणीत, काकू पसरीत, पाणी घालीत. शनिवारी घरी गेलो तेव्हा मीही मळ्यातल्या मातीची एक टोपली आणली. काकूंनी ती काही न विचारता घेतली. मग एके दिवशी माती खचली नाही. ती वाळू दिली. मिस्त्रींनी कडेला टाच दाबून पाहिली. मध्ये त्यांनी पाय दिला नाही. वर मुरमाचा थर देऊन तो नुसत्या तळहातांनी दाबला आणि फरश्या बसवल्या. पाणसळीचा बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आम्ही पेटी काठोकाठ भरली. काकांनी चारही कोपऱ्यांत बोट लावून पाहिले आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. तेवढ्यात काकू आत आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलेही नाही. खाली वाकून त्यांनी घोडीच्या पायाजवळच्या फरशीवर हात ठेवला.

"जड होत नसेल ना रे?" त्यांनी मला विचारले. शिकलेला म्हणून विचारले असेल.

पाण्याचे वजन मी वर्गातल्या रीतीने काढले होते. ते पुष्कळ होते. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. जे येत होते ते सांगितले.

"खाली पोकळ राहिलं नाही, काकू. भार सगळीकडे सारखा आहे. एका जागी नाही."

"सारखा आहे ना? मग असू दे," त्या म्हणाल्या. उंबऱ्यापाशी जाऊन त्या काकांकडे वळल्या. "अहो, नुसतं पाणी किती दिवस ठेवणार? नदीवरच्या भोयांकडं जाऊन मासे आणा. कळशी न्या, मडकं वाटेत फुटेल."

काका लगेच उठून नदीकडे गेले. काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी पेटीसमोर एकटाच उरलो. पाणी जरासुद्धा हलत नव्हते. कोणीतरी खालून ते दोन्ही हातांवर धरून ठेवले आहे असे वाटत होते. मी पुस्तक उघडले. काका परत येईपर्यंत माझ्यासमोर तेच पान होते.