भिंतीतला हूक

मिस्त्रीच्या गॅरेजात आता भिंतीला एक हूक आहे. ड्रिलने भोक पाडलं, गट्टू ठोकला, हूक फिरवला, झालं. चहा गार व्हायच्या आत उरकण्यासारखं काम. बायको लग्न झाल्यापासून ते सांगत होती, आणि या गृहस्थाने ते केलं ती खुर्चीत बसून राहिल्यानंतर. काय म्हणायचं अशा माणसाला?

तसा माणूस वाईट नव्हे. चार सिलिंडरच्या जुन्या मोटरसायकलींवर त्याचा भारी जीव. अशा गाडीला कार्बुरेटर चार, आणि चौघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. एक हपापल्यासारखा ओढतो, दुसरा अंग चोरतो, की इंजिन थरथरायला लागतं. मग चौघांना चार नळ्या लावायच्या, नळ्यांना चार मीटर, आणि चालू इंजिनावर स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत चारही काटे एका जागी आणायचे. अडचण एकच. टाकी काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत हात पोचत नाही, आणि टाकी काढली तर इंजिन पिणार काय? म्हणून पेट्रोलची बाटली नळी जोडून उंच धरावी लागते. ती बायको धरायची.

"अहो, एक हूक ठोका ना त्या भिंतीत," ती म्हणायची. "मी काय सलाइनचा स्टँड आहे?"

"हूक गप्पा मारतो का?" हा म्हणायचा.

म्हणायचा थट्टेत, पण खरं कारण तेच होतं. एरवी दोघांचं बोलणं भाजी काय आणायची याच्या पुढे जायचं नाही. हातात बाटली आली की मात्र बाईंच्या जिभेला धार चढायची. जावा, नणंदा, शेजारणी, एकेकीची हजेरी घ्यायची. मध्येच थांबून म्हणायची, "बसलं." हा मीटरकडे बघतो तर काटे खरंच एका रेषेत. तिचा कान मीटरच्या पुढे धावायचा. त्याला त्याचं कौतुक होतं, पण एकदा तरी बोलून दाखवावं? छे.

एका दुपारी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली आले. घरात आजारी माणूस आहे, आवाज जरा कमी झाला तर बरं, असं अगदी नरमाईने म्हणाले. मिस्त्रीच्या नाकावर राग कायम बसलेला. "शटरच पाडतो, मग तर झालं?" म्हणाला, आणि दाणकन पाडलं. खाली वीतभर फट ठेवली. इंजिन तापू नये म्हणून फटीपाशी पंखा, पंख्याच्या वाऱ्यात स्वतः मिस्त्री, आणि मागे सायलेन्सरच्या बाजूला, कोपऱ्यात, बाटली धरून बायको. पंख्याने सगळा धूर कुठे लोटला असेल, ते वेगळं सांगायला नको. बंद जागेत इंजिनाचा धूर जीव घेतो हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. काम शिकतानाच त्याच्या उस्तादाने बजावलं होतं. पण डोक्यात राख घालून घेतली की ठाऊक असलेलं कुठे जातं कोण जाणे.

तीन काटे जुळले, चौथा हट्टाला पेटला.

"अहो, डोकं जड झालंय. शटर उचलू या जरा."

"थांब गं. आता बसतंय."

ती थांबली. तिच्या गप्पाही थांबल्या. तिथेच कळायला हवं होतं, पण याला वाटलं, रुसली. थोड्या वेळाने ती नुसतं "अहो" म्हणाली. याने मान वर केली नाही. मग बाटली पडली आणि फरशीवर पेट्रोल पसरलं.

"बाटलीसुद्धा धड धरता येत नाही?" हे त्याचे शब्द. मागे वळला तेव्हा ती भिंतीला घसटत खाली बसली होती आणि मान छातीवर पडली होती.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिने डोळे उघडले. घरी आली, स्वयंपाकाला लागली, हुकावरून दोन शब्द सुनावलेही. जिवावरचं होतं, थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला. काही आठवड्यांनी ती गॅसपुढे लायटर घेऊन उभी राहिली, आणि तो कशासाठी असतो हेच तिला आठवेना. मग बहिणीचं नाव गेलं. मग एकेक करत सगळेच शब्द गेले. असा धूर कधी कधी मागाहून वार करतो, डॉक्टर म्हणाले. सुधारतीलच असं सांगता येणार नाही.

पण मिस्त्रीने एक आशा धरली. इंजिनाचा आवाज तिच्या कानात मुरलेला. तो ऐकून ती एकदा "बसलं" म्हणाली, तर बाकीचं येईल मागोमाग. म्हणून त्याने हूक ठोकला, शटर पार वरपर्यंत उचललं, तिची खुर्ची बाहेर मोकळ्या हवेत ठेवली आणि तीच गाडी पुन्हा घेतली. जुळवलेले तीन स्क्रूही मुद्दाम बिघडवले. बाटली हुकाला टांगली आणि इंजिन सुरू केलं.

खुर्चीतल्या बाईचा उजवा हात वर गेला. मूठ वळलेली, मुठीत काही नाही.

मिस्त्रीने ते पाहिलं, आणि स्क्रू फिरवायला घेतले. या वेळी चौथा काटाही मुकाट्याने आला. इंजिन कसं एका सुरात चालू लागलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

"काय गं? बसलं ना?"

ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. बाटली रिकामी व्हायला आली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. तिचा हात वरच.

"खाली घे गं. हूक ठोकलाय मी."

तिने घेतला नाही. मग त्यानेच जाऊन तो हळूहळू खाली आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. दंड दगडासारखा कडक झाला होता. तिथेच पायरीवर बसून तो चोळत राहिला.