क्लेशेठचं छप्पर

इथे चँडलरमध्ये लोकांच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं मावतं. आमच्या चर्चच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एकेक आणून टाकत गेलो, आता दार लागत नाही. आज आलाच आहात तर थोडं सामान बाहेर काढू.

आधी माणसं सांगतो. मी नगरचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा ख्रिस्ती. आठवडाभर कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत आणि रविवारी चर्चच्या दारात 'या, बसा' करणारा स्वयंसेवक, म्हणजे अशर. आमचे पास्टर ग्लेन, साधा पण हट्टी माणूस. आणि क्ले, गाड्यांच्या शोरूम्सचा मालक, चर्चचा सगळ्यात मोठा देणगीदार आणि निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा उजवा हात. घरी आम्ही त्याला क्लेशेठ म्हणतो.

चर्च दर गुरुवारी गरजूंना फुकट किराणा देतं, आणि ती रांग ॲरिझोनाच्या उन्हात भाजत उभी असते. त्यांच्यासाठी क्लेशेठने हॉल बांधायला घेतला, खांब उभे केले आणि थांबला. अट अशी, की पास्टरने पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावरून, उमेदवाराचं नाव घेतलं तरच छप्पर चढणार! पास्टर म्हणाले, "पुलपिट सोडेन, नाव घेणार नाही." चर्च चालवणाऱ्या बोर्डात बहुतेक माणसं क्लेशेठची. म्हणजे ग्लेनची नोकरी आणि त्या रांगेची सावली, दोन्ही टांगणीला.

*

देणगीदारांच्या डिनरला मला साक्ष द्यायला उभं केलं. इंडियन माणूस म्हटल्यावर अंधारातून उजेडात आल्याची जोरदार कहाणी मिळेल, मग खिसे सैल होतील, असा हिशेब. मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी ओलसर डोळ्यांनी विचारलं, तुम्ही प्रभूकडे कधी आलात?

मी म्हटलं, मी नाही, माझे खापरपणजोबा आले. तुमच्याच इकडचे मिशनरी आमच्याकडे आले होते. आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये तबला-पेटीवर भजनं म्हणतोय.

बाईंचा चेहरा पडला. तरी त्यांनी आशा सोडली नाही. मग तुम्हाला इथे कोणी आणलं?

"चिपच्या कंपनीने."

पुढच्या डिनरला मला पार्किंगची ड्यूटी होती.

*

प्रेयर ब्रेकफास्टला, म्हणजे पुढाऱ्यांसोबतच्या प्रार्थनेच्या नाश्त्याला, टेबलांची उतरंड असते. जितकी देणगी मोठी, तितकं टेबल स्टेजच्या जवळ. माझ्या बायकोला, शीलाला, यातलं काही माहीत नव्हतं. तिला गरम होत होतं, म्हणून ती सरळ एसीखालच्या टेबलावर जाऊन बसली. ते पहिल्या रांगेतलं, प्लॅटिनम!

कांजीवरम बघून सगळ्यांना वाटलं, ही कोणीतरी बडी डॉक्टरीणबाई. शेजारचे आमदार तिला तासभर विधानसभेतलं स्वतःचं बिल समजावत होते. शेवटी त्यांनी विचारलं, मी आपल्यासाठी काय करू शकतो? ही म्हणाली, आमच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायला सिग्नल नाही.

दोन महिन्यांत सिग्नल बसला! टेबलावरची बाकीची मंडळी वर्षानुवर्षं पैसे भरतायत, त्यांची कामं अजून कमिटीत आहेत.

*

एकदा कुठल्याशा संस्थेकडून मतदानाच्या मार्गदर्शक कार्डांचे गठ्ठे आले. कोण उमेदवार किती धार्मिक, बरोबरच्या नि फुल्यांच्या खुणांसकट. मी दारात वाटले. आमच्या संडेस्कूलच्या मास्तरांनी त्यातल्या एका सज्जनाची अशी तारीफ केली की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मंगळवारी त्यातलीच एक आजी मतदान केंद्रावरून फणफणत परत आली. त्या सज्जनाचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. ओक्लाहोमा राज्याचा गठ्ठा आमच्याकडे आला होता. मास्तर मात्र ठाम राहिले. म्हणाले, "माणूस चांगला आहे. आपलंच राज्य चुकलं."

*

क्लेशेठची प्रार्थना एकदा ऐकावी. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि हा खर्जात सुरू होतो: "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे, फंडरेझर शनिवारी साडेसहाला आहे. तुला हेही ठाऊक आहे की पार्किंग मागच्या बाजूला आहे. आणि प्रभू, चेक कोणाच्या नावाने लिहायचा, तेही तू जाणतोस."

मग चेक उमेदवाराच्या प्रचारनिधीच्या नावाने, तेही त्याने प्रभूला सांगितलं. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटलेले ठेवून पर्समधून पेन काढलं.

*

आमचा मित्र कुलकर्णी पुण्याचा. चर्चमध्ये फक्त फुकटचं पिकलबॉल खेळायला येतो. त्याने एकदा ते छपराविना खांब पाहिले. प्रत्येक खांबावर क्लेशेठच्या नावाची पितळी पाटी. मी त्याला सगळं प्रकरण सांगितलं.

तो म्हणाला, "यार, आमच्याकडे देवळात पंख्याच्या पात्यावर नाव घालतात. पण निदान पंखा फिरवतात तरी!"

*

आता शेवटचा. निवडणुकीच्या आधीचा रविवार. क्लेशेठने निरोप दिला की उमेदवारसाहेब पहिल्या बाकावर बसतील, प्रवचन संपलं की पास्टरने त्यांना नाव घेऊन वर बोलवायचं. नाही बोलवलं तर सोमवारी बोर्डाची मीटिंग. पास्टरच्या बायकोने सामान बांधायला खोकी आणून ठेवली होती. मला रात्रभर झोप नव्हती, खरंच सांगतो. असा पास्टर परत मिळत नाही.

साहेबांना क्लेशेठने एवढंच पढवलं होतं, की पास्टर 'पुढे या' म्हणाले की उठायचं.

आता आमच्यात प्रवचनानंतर रिवाज असा, की पियानो हळू वाजतो, सगळे माना खाली घालून डोळे मिटतात आणि ज्याला पश्चात्ताप करायचाय तो उठून पुढे जातो. साहेबांचं चर्चला येणं निवडणुकीपुरतं, त्यांना हे कुठून माहीत असणार?

पास्टर उभे राहिले. म्हणाले, "सत्तेच्या मोहात जो देवाला विसरला असेल, त्याने आज पुढे यावं."

साहेब उठले! कोटाचं बटण लावलं आणि दोन्ही बाजूंना हात हलवत निघाले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. बघणारा मी एकटाच.

पास्टरने डोळे उघडले. मग ते खाली उतरले, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, "ब्रदर, गुडघे टेका." साहेबांनी टेकले. थेट प्रक्षेपणाचे कॅमेरे चालू होते, दुसरं करणार काय?

पास्टर परत पुलपिटवर गेले आणि सगळ्यांना डोळे उघडायला सांगितलं. आज एका भावाने आपलं पाप कबूल केलंय, असं म्हणून त्यांनी साहेबांचं नाव घेतलं. आडनावासकट, स्पष्ट, दोनदा. सगळं चर्च उठून उभं राहिलं. बायका रडत होत्या. क्लेशेठही टाळ्या वाजवत होता. नाव घ्यायची अट त्याचीच, बोलणार काय!

पुढे आलेल्याच्या शेजारी अशरने गुडघे टेकायचे असतात, म्हणून मी टेकले. साहेब तोंडावरचं हसू तसंच ठेवून माझ्या कानाशी आले.

"माझं भाषण कधी आहे?"

मी म्हटलं, "बुधवारी सात वाजता नव्याने पश्चात्ताप केलेल्यांचा क्लास असतो. जेवायला प्रत्येकजण एक पदार्थ आणतो, तुम्ही सॅलड आणा."